न्यूट्रॉन तारा निवतो तेव्हा

केएस 1731-260. गाडीचा नंबर वाटावा असं हे एका न्यूट्रॉन ताऱ्याचं नाव आहे. ‘केएस’ म्हणजे क्वांत सोर्स. मीर अंतराळस्थानकाच्या क्वांत नावाच्या भागावर बसवलेल्या उपकरणांना 1980 च्या दशकाच्या शेवटी हा तारा क्ष-किरणांत तळपताना दिसला, म्हणून ते नाव. पुढचे आकडे म्हणजे आकाशातला त्याचा पत्ता. त्यानंतर जवळजवळ साडेबारा वर्षं तो तसाच तळपत राहिला आणि 2001 च्या सुरुवातीला अचानक मावळला. क्ष-किरण आकाशावर पाळत ठेवणाऱ्या उपग्रहाला त्या जागी काहीच दिसेना.

मार्च 2001 मध्ये चंद्रा या अंतराळ दुर्बिणीने त्याच जागी बराच वेळ नजर रोखली. तिथे एक मंद ठिपका होता, पूर्वीपेक्षा हजारो पटींनी फिका. जाळ विझला होता, पण खालची भट्टी अजून धगधगत होती. पुढच्या काही वर्षांत चंद्रा आणि युरोपची एक्सएमएम-न्यूटन या दोन दुर्बिणींनी त्या ठिपक्याकडे पुन्हा पुन्हा पाहिलं आणि दर वेळी तो आधीपेक्षा थोडा थंड निघाला. पृष्ठभागाचं तापमान सुमारे 12 लाख केल्विनवरून सव्वासात लाखांच्या आसपास उतरलं, आणि त्यातली बरीचशी घसरण पहिल्या दोन-तीन वर्षांतच झाली.

एका ताऱ्याची कातडी निवताना माणसाने बसून पाहिली, हेच मला मुळात भन्नाट वाटतं. खगोलशास्त्रात लाखो वर्षांच्या खाली गोष्ट निघत नाही, आणि इथे एखाद्याच्या पीएचडीच्या मुदतीत तारा गार होतो.

हे शक्य होतं, कारण न्यूट्रॉन तारा फार लहान असतो. मोठ्या ताऱ्याचा सुपरनोव्हा स्फोट झाल्यावर मागे उरलेला हा गाभा. वस्तुमान सूर्याच्या साधारण 1.4 पट आणि त्रिज्या जेमतेम 10 ते 13 किलोमीटर, म्हणजे सायकलवरून एका दुपारी प्रदक्षिणा होईल एवढी. अर्थात सायकल चालवायला तिथे पृष्ठभागावरचं गुरुत्वाकर्षण आडवं येईल, ते पृथ्वीच्या शंभर अब्ज पटींहून जास्त आहे. या गोळ्याचा बाहेरचा सुमारे एक किलोमीटर म्हणजे घट्ट, स्फटिकासारखं कवच. त्याच्या आत गाभा, आणि ताऱ्याचं जवळपास 99 टक्के वस्तुमान तिथेच. हा लेख मुख्यतः त्या एक किलोमीटरबद्दल आहे.

आता एक रोजच्या पाहण्यातली गोष्ट घ्या. जाड दगडी भिंतीवर पाच मिनिटं ऊन पडलं आणि ढग आला, तर भिंत लगेच गार लागते. पण तीच भिंत दिवसभर उन्हात तापली, तर सूर्य मावळल्यावरही कितीतरी वेळ हाताला ऊब देत राहते. थोडा वेळ दिलेली उष्णता वरच्या थरातच राहते आणि आली तशी निघून जाते. बराच वेळ दिलेली आत झिरपते, आणि बाहेर पडायलाही तिला तेवढाच वेळ लागतो. एकसारख्या पदार्थात याचा हिशोब असा आहे: खोली दुप्पट, तर वेळ चौपट. म्हणून निवण्याचा वेग पाहिला की उष्णता किती खोलवरून येते आहे ते सांगता येतं.

न्यूट्रॉन ताऱ्यांवर या भिंतीचे दोन्ही प्रकार पाहायला मिळतात. सोबत फिरणाऱ्या जोडीदार ताऱ्याकडून ओढलेला हायड्रोजन आणि हीलियम पृष्ठभागावर साठत जातो आणि काही मीटर जाडीचा थर झाला की एकदम भडकतो. हा क्ष-किरण स्फोट. एखाद-दोन सेकंदांत कळस गाठतो आणि दहा सेकंदांपासून मिनिटभरात उतरतो. काही ताऱ्यांवर दर काही तासांनी हा खेळ चालू असतो. 1970 च्या दशकाच्या मध्यावर हे स्फोट पहिल्यांदा ओळखले गेले. त्याहून खोल थरात कार्बन पेटला तर होतो तो महास्फोट, आणि तो निवायला काही तास घेतो. सेकंद, तास. आणि कवचाच्या तळापर्यंत गेलेली उष्णता बाहेर यायला वर्षं.

पण कवचाच्या तळाशी उष्णता जाते कुठून? इथेच बहुतेकांची पहिली समजूत चुकते, माझीही चुकली होती. वाटतं, एवढा वायू एवढ्या वेगाने आदळतोय, त्या माराने तारा तापत असणार. प्रत्यक्षात आदळण्याची उष्णता जवळपास सगळी जागच्या जागी क्ष-किरण होऊन निघून जाते. पडणाऱ्या दर प्रोटॉनमागे साधारण 200 एमईव्ही, म्हणजे 20 कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट, एवढी ऊर्जा त्या पडण्यातून मिळते. ताऱ्याची सगळी झगमग तीच. तिच्यातलं आत फारसं काही मुरत नाही.

आतली उष्णता वेगळ्या वाटेने येते, आणि ती वाट समजण्यासाठी वायूच्या एका चिमटीचा प्रवास पाहू. जोडीदार ताऱ्यापासून सुटलेली ही हायड्रोजनची चिमूट न्यूट्रॉन ताऱ्याभोवतीच्या वायूच्या तबकडीतून गरगरत आत येते आणि प्रकाशाच्या निम्म्याच्या आसपास वेगाने पृष्ठभाग गाठते. काही तासांत पुढचा स्फोट होतो आणि तिची राख होते: लोखंडाच्या आसपासची आणि त्याहूनही जड अशी नाना प्रकारची अणुकेंद्रकं. तोवर वर नवा वायू पडत असतोच. सेकंदाला 100 अब्ज टनांच्या आसपास, जोरात पडत असेल तर त्याहून जास्त. त्या भाराखाली राख हळूहळू खाली दबत जाते.

खाली दाब वाढतो तसे इलेक्ट्रॉन दाटीवाटीत इतके कोंडले जातात की त्यांना केंद्रकात घुसणंच स्वस्त पडतं. इलेक्ट्रॉन आत शिरला की एका प्रोटॉनचा न्यूट्रॉन होतो. आणखी खाली, आणखी एक. लोखंडाचं क्रोमियम होतं, क्रोमियमचं पुढे आणखी हलकं मूलद्रव्य. प्रोटॉन कमी होत जातात, न्यूट्रॉन वाढत जातात. घनता दर घन सेंटीमीटरला सुमारे 4 लाख टनांच्या पुढे गेली की केंद्रकाला एवढे न्यूट्रॉन धरून ठेवता येत नाहीत आणि ते बाहेर ओघळू लागतात. त्याच्याही खाली केंद्रकं एकमेकांना इतकी खेटतात की नुसत्या दाटीमुळे त्यांचा संयोग होतो. तिथे तापमानाची गरजच उरत नाही. आपल्या सूर्यात संयोग होतो तो उष्णतेच्या जोरावर, इथे तो दाबाच्या जोरावर होतो.

या सगळ्या उलथापालथीत दर प्रोटॉन-न्यूट्रॉनमागे दीड ते दोन एमईव्ही उष्णता सुटते. वरच्या 200 पुढे ही रक्कम म्हणजे अगदीच चिल्लर. पण ती सुटते काही शे मीटर खोल, कवचाच्या पोटात, आणि तिथून तिला पटकन बाहेर पडता येत नाही. 1990 च्या सुमारास पोलंडमधल्या पावेल हेन्सेल आणि युलियन झ्दुनिक यांनी या साखळीचा हिशोब मांडला, आणि 1998 मध्ये एडवर्ड ब्राउन, लार्स बिल्डस्टेन आणि रॉबर्ट रटलेज यांनी दाखवून दिलं की शांत झालेल्या न्यूट्रॉन ताऱ्यांची मंद चमक या चिल्लरीतूनच येत असली पाहिजे.

एक बारकावा इथेच सांगून टाकतो, कारण तो सहसा गाळला जातो. आपली चिमूट साडेबारा वर्षांत तळापर्यंत पोचत नाही. अख्खं कवच नव्या मालाने बदलायला कोटीच्या आसपास वर्षं लागतात. मग उद्रेक चालू असताना, म्हणजे वायू पडून तारा तळपत असतो त्या काळात, खोलवर उष्णता सुटते कशी? लांबलचक रांगेत मागून दहा माणसं घुसली की धक्का थेट पुढच्या टोकाला बसतो, तसं. वर भार वाढला की कवचातला प्रत्येक थर थोडा थोडा खाली सरकतो, आणि एखाद्या प्रक्रियेच्या उंबरठ्यावर थांबलेली जुनी केंद्रकं तो उंबरठा ओलांडतात. आज कवच तापवणारी राख बहुधा पृथ्वीवर माणूस नव्हता तेव्हा पडलेली असते.

उद्रेक वर्षानुवर्षं चालला की कवच गाभ्यापेक्षा जास्त तापतं. गाभा प्रचंड, त्याला दहा-वीस वर्षांच्या उष्णतेने फरक पडत नाही. मग वायू थांबतो. कवचातली जास्तीची उष्णता दोन्हीकडे जाऊ लागते, काही वर पृष्ठभागाकडे आणि बरीच खाली गाभ्यात. कवच आणि गाभा यांचं तापमान सारखं झालं की निवणं थांबतं.

निवण्याचा आलेख वाचायचा तो याच जाणिवेने. पहिल्या काही आठवड्यांत पृष्ठभागावर जे दिसतं ते वरच्या थरांबद्दल असतं. वर्षभराने दिसतं ते मधल्या थरांबद्दल. दोन-चार वर्षांनी तळाची खबर येते, आणि सगळ्यात शेवटी आलेख आडवा होतो तिथे गाभ्याचं तापमान कळतं. जमिनीत भोक पाडत जावं आणि दर मीटरला खालची माती वर यावी, तसं. फक्त इथे भोक पाडायचं काम काळ करतो आणि आपण वीसेक हजार प्रकाशवर्षांवर बसून असतो.

केएस 1731-260 मावळल्यावर रटलेज आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये गणित करून ठेवलं होतं की कवच निवायला वर्षभरापासून ते 30 वर्षांपर्यंत कितीही वेळ लागू शकेल. एवढी तफावत का? कवचात उष्णता वाहून नेण्याचं काम इलेक्ट्रॉन करतात. केंद्रकं स्फटिकात ओळीने, शिस्तीत बसलेली असतील तर इलेक्ट्रॉन सटासट निघून जातात. ओळी मोडलेल्या असतील, किंवा एकाच जाळीत दहा जातींची केंद्रकं मिसळलेली असतील, तर ते अडखळत जातात आणि उष्णता आत तुंबते. पृष्ठभागावरच्या स्फोटांची राख म्हणजे भेसळीचा कळस. त्यामुळे कवच गचाळ, काचेसारखं विस्कळीत असणार आणि ते फार हळू निवणार, हा अंदाज वाजवी होता.

निरीक्षणांनी तो खोडून काढला. केएस 1731-260 आणि अडीच वर्षं तळपून सप्टेंबर 2001 मध्ये शांत झालेला एमएक्सबी 1659-29, दोघेही वर्षाच्या आसपासच्या वेगाने निवले. दुसऱ्याचं तापमान तर सुमारे 14 लाखांवरून साडेसहा लाखांच्या खाली आलं. तापमान निम्मं झालं की चमक सोळावा हिस्सा होते, त्यामुळे हा ठिपका दिसायलाही कठीण होत गेला. 2007 ते 2009 च्या दरम्यान पीटर श्टर्निन आणि सहकाऱ्यांनी, तसंच ब्राउन आणि अँड्र्यू कमिंग यांनी या आकड्यांशी आपली गणितं जुळवून पाहिली. निष्कर्ष सारखाच निघाला: कवच म्हणजे बऱ्यापैकी शुद्ध, शिस्तीचा स्फटिक. वर कचरा, आणि खाली जाता जाता तो आपोआप निवडला गेलेला. खोल थरांतल्या प्रक्रिया निरनिराळ्या केंद्रकांना मोजक्याच जातींवर आणून सोडतात, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. शिवाय खालच्या थरात सुटे झालेले न्यूट्रॉन अतिप्रवाही, म्हणजे घर्षणाशिवाय वाहणाऱ्या, अवस्थेत असतात. अशा अवस्थेत ते उष्णता जवळजवळ साठवतच नाहीत, त्यामुळे निवायला मुळात ऐवजच कमी उरतो.

विश्वातल्या सगळ्यात दाबलेल्या स्फटिकात भेसळ किती, हे एका ठिपक्याच्या फिकट होण्यावरून ठरवलं. या विषयातलं माझं सगळ्यात आवडतं प्रकरण हेच.

सगळं जुळतं असं मात्र नाही. पहिल्या काही आठवड्यांतली तापमानं बहुतेक ताऱ्यांत अपेक्षेपेक्षा जास्त निघतात. म्हणजे खोलवरच्या उष्णतेखेरीज वरच्या थरातही काहीतरी तापवतंय, दर प्रोटॉन-न्यूट्रॉनमागे आणखी एक-दोन एमईव्हीने. याला ‘उथळ उष्णता’ असं साधं नाव दिलं गेलंय आणि तिचा उगम आजही कुणाला ठामपणे सांगता आलेला नाही. टर्झान 5 या तारकागुच्छातल्या, सेकंदाला 11 फेऱ्या मारणाऱ्या एका न्यूट्रॉन ताऱ्याने 2010 मध्ये जेमतेम 11 आठवडे उद्रेक केला, आणि तेवढ्यानेही त्याचं कवच लक्षणीय तापलं. तिथे तर उद्रेकाआधीचं तापमानही हाताशी होतं, त्यामुळे फरक मोजण्यात वादाला जागा उरली नाही.

माक्सी जे0556-332 हा तारा या सगळ्यांचा बाप. 2011-12 मध्ये सुमारे 16 महिने तळपून तो शांत झाला तेव्हा इतका तापलेला होता की हिशोब जमवायला उथळ उष्णता नेहमीच्या कितीतरी पट धरावी लागली. पुढे त्याच ताऱ्याने आणखी उद्रेक केले, आणि त्यांच्यात एवढी उष्णता लागलीच नाही. तारा तोच, मग उष्णता वेगळी कशी? डॅनी पेज आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये सुचवलं की पहिल्या उद्रेकाच्या शेवटच्या टप्प्यात खोलवर एक प्रचंड अणुस्फोट झाला असावा, कार्बनच्या महास्फोटापेक्षाही खूप मोठा, न्यूट्रॉनांनी भरलेल्या ऑक्सिजन किंवा निऑनचा. त्याची झळाळी कुणी पाहिलेली नाही. ताऱ्याच्या निवण्यात फक्त त्याचे ठसे सापडले. सूचना अजून सूचनाच आहे, पण आहे मोठी देखणी.

गाभ्याकडे जाऊ. तिथली उष्णता मुख्यतः न्यूट्रिनो घेऊन जातात. हे कण ताऱ्याच्या पोटातून आरपार निघून जातात, वाटेत कुणी अडवत नाही. न्यूट्रॉनचा प्रोटॉन, प्रोटॉनचा पुन्हा न्यूट्रॉन, आणि दर फेरीत न्यूट्रिनो ऊर्जा घेऊन पसार. या प्रक्रियेला ‘उर्का’ म्हणतात. रिओ दि जानेरोतल्या उर्का कॅसिनोवरून जॉर्ज गॅमो आणि मारिओ शेनबर्ग यांनी 1940 च्या दशकाच्या सुरुवातीला हे नाव ठेवलं: जुगाराच्या टेबलावर पैसा जितक्या झपाट्याने नाहीसा होतो, तितक्या झपाट्याने ताऱ्याच्या पोटातली ऊर्जा जाते. भौतिकशास्त्रज्ञांना नावं ठेवता येत नाहीत असं म्हणणाऱ्यांना हा किस्सा ऐकवावा.

गाभ्यात प्रोटॉनचं प्रमाण पुरेसं असेल तरच ही उर्का जोमाने चालते. ते प्रमाण थेट मोजायची सोय नाही. एमएक्सबी 1659-29 मध्ये मात्र एक वाट सापडली. कवचाने गाभ्यात किती उष्णता ओतली ते माहीत, आणि आलेख आडवा झाला तिथे गाभ्याचं तापमान माहीत. एवढी उष्णता घेऊनही गाभा इतका थंड राहतो, म्हणजे कुठेतरी मोठी गळती असली पाहिजे. 2018 मध्ये ब्राउन, कमिंग, पेज आणि इतरांनी हा हिशोब मांडून दाखवला की त्या गाभ्यात जोमाची उर्का, निदान थोड्या भागात, चालू असावी.

हाच तारा आणखी एका कारणाने गमतीचा आहे. शांत झाल्यावर सुमारे 11 वर्षांनी, 2012 मध्ये, तो आणखी फिका दिसला. निवणं संपलं असं मानलं गेलं होतं. कवचाच्या अगदी तळाशी केंद्रकं गोल न राहता लांबट, पसरट आकारांची होतात, ज्याला शास्त्रज्ञ ‘न्यूक्लिअर पास्ता’ म्हणतात, आणि तो थर उष्णता अडवत असेल तर असं उशिराचं निवणं दिसू शकतं. पण दुसरी शक्यताही तेवढीच सरळ आहे. हा तारा आपल्याला कडेने दिसतो, दर 7.1 तासांनी जोडीदार त्याला झाकतो. मधल्या तबकडीची कड थोडी जाड झाली असेल, तर ठिपका निव्वळ आडोशामुळे फिका दिसेल. हा वाद मिटण्याआधीच 2015 मध्ये ताऱ्याने नवा उद्रेक सुरू केला, तो 2017 मध्ये थांबला, आणि निवण्याचा प्रयोग पहिल्यापासून पुन्हा पाहायला मिळाला. या वेळचा आलेखही मागच्यासारख्याच गणितात बसला.

प्रचंड चुंबकत्व असलेले मॅग्नेटार या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या जातीतही उद्रेकानंतरचं निवणं दिसतं, महिनोन्‌महिने चालणारं. पण तिथे उष्णता कवचाला पडलेल्या पिळातून येते की बाहेरच्या चुंबकीय क्षेत्रातून पृष्ठभागावर आदळणाऱ्या कणांतून, हेच आधी सोडवावं लागतं. जोडतारे त्या मानाने सरळ: गॅस चालू, गॅस बंद.

बंद कधी होणार, ते मात्र त्यांच्या मर्जीवर. ईएक्सओ 0748-676 हा तारा 1980 च्या दशकाच्या मध्यापासून तळपत होता तो 2008 पर्यंत, जवळपास 24 वर्षं. एवढ्या दीर्घ तापण्यानंतर मोठी घसरण दिसेल अशी आशा होती. तापमान उतरलं ते 10-12 टक्क्यांनीच, कारण त्याचा गाभाच मुळात गरम निघाला. तरीही 16 वर्षं त्याची एक एक नोंद जमवली जात होती, आणि जून 2024 मध्ये तो पुन्हा पेटला.